सरांचं पान आणि माझं पान

नाय गं सुमन, खुर्ची नको, उभीच बोलते. एकदा बसली की मला उटवायला दोघी लागतात. माईक पण जरा लांब धर. माझा आवाज मासळी बाजारातला हाय, तुज्या ह्या हॉलला जास्त होईल.

तर मंडळी. सुनंदा वैनी, सरांच्या कंपनीतली भाऊ मंडळी, ह्या सोसायटीतली माणसं, नि चिंचणीवरनं टमटम करून आलेल्या माझ्या बाया. सगळ्यांना हात जोडते. नमस्कार म्हणू का नको, ते मला समजत नाय. आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत भाषण शिकवलं ते पंधरा ऑगस्टचं. माणूस गेल्यावर काय बोलायचं ते शिकवायचं रायलं.

आज बोलणं कठीण हाय. मला कदी बोलणं कठीण जात नाय, हे माझ्या बायांना माईत हाय. सर पण म्हणायचे, हिराबाई, तुम्हाला गप्प बसवणारं बटण कुठे आहे? आज ते बटण दाबलं गेलंय. तरी बोलते. बोलायलाच पायजे.

आदी त्या फोटोचं. वैनी, हा फोटो कुणी निवडला? हा कंपनीच्या गेटपासचा फोटो हाय ना? सर ह्याच्यात चोरून आत शिरल्यासारखे दिसतात. आज सर असते तर बोलले असते, दोन फोटो लावा, अर्ध्या लोकांना हा दाखवा, अर्ध्या लोकांना तो दाखवा, नि बघा कुठल्या फोटोपुढे माणसं जास्त वेळ थांबतात. हसा वैनी. हसलं तर चालतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी माझ्या नवऱ्याच्या टायमाला वर्षभर तोंडाला पदर लावून हसत होती.

आता जे सरांना कंपनीतले म्हणून ओळखतात, त्यांना वाटत असेल, सर नि ह्या चिंचणीच्या बाया, हे कुठलं नातं? लोखंडे सर सोलापूरकडचे. गळ्यात तुळशीची माळ. उभ्या जन्मात अंडं खाल्लं नाय. तारापूरच्या कंपनीत लॅबमदे मालाची तपासणी करून रिटायर झाले. नि रिटायर झाल्यावर काय केलं? आमचे सुके बोंबील विकले.

कसं झालं ते सांगते. इथंच बोईसरला बचत गटांचं प्रदर्शन होतं. आमचा स्टॉल शेवटाला, कारण वास येतो. सर वैनींबरोबर पापड घ्यायला आलेले. आमच्यापुडे आले नि रुमाल नाकाला लावून उभे रायले. मला वाटलं जातील. जात नाय. बोलले, "मावशी, ह्याला एवढा वास येतो, मग लोक घेतात का?"

मी बोलली, "वास येतो म्हणून तर घेतात. तुमच्या पापडाला कोण हुंगतंय?"

दुसरा असता तर चिडला असता. सर रुमालाआड हसले. नि विचारत रायले. किती दिवस वाळवता? रेती कशी लागत नाही? पुण्या-मुंबईच्या माणसाला पाहिजे असेल तर तो काय करतो? मी बोलली, तो चिंचणीला येतो नायतर उपाशी मरतो. सर बोलले, "त्याला फोनवर मिळायला पाहिजे." पुडच्या आठवड्यात आमच्या दारात. हातात लॅपटॉप, खिशात रुमाल.

असं आमचं फोनातलं दुकान झालं. वेबसाइट. माणूस पान उगडतो, माल बगतो, पायजे असेल तर खाली 'मला हवंय' असं बटण हाय ते दाबतो, नाव-नंबर लिवतो, मग आमी त्याला फोन करतो. सर रोज बगायचे किती लोक आले नि त्यातल्या किती जणांनी बटण दाबलं. आमी खुश, एवढे लोक आले म्हणून. सर खुश नाय. सर बोलले, "हिराबाई, दुकानासमोरून जत्रा गेली म्हणून माल खपत नाही. आलेल्यांतले किती जण थांबले ते सांगा."

मग त्यांनी ती लॅबमधली सवय काढली. आमाला सगळ्यांना माझ्या ओट्यावर बसवून समजावलं. कंपनीत म्हणे एक बॅच अशी करायची, एक बॅच तशी करायची, दोघींमदे एकच गोष्ट वेगळी ठेवायची, बाकी सगळं सारखं. मग मोजायचं. मला वाटतं, मला आवडतं, साहेबांना आवडतं, असलं काही चालायचं नाही. पानाचंही तसंच. एक 'अ' पान, एक 'ब' पान. बगा नि ठरवा.

आमच्या गटातली कुंदा बोलली, "सर, आमच्यात सासू ठरवते."

सर बोलले, "आता सासूलाही दोन पानं दाखवू."

पयल्या चाचणीची गोष्ट कंपनीवाल्यांना माईत नसेल. सरांनी तुमाला सांगितली नसेल, मी सांगते. सरांना तेवा ती अर्धी-अर्धी माणसं वाटायची पद्धत जमत नव्हती. म्हणून एक दिवस हे पान, एक दिवस ते पान, असं ते हातानं बदलायचे. सोमवार, गुरुवार, शनिवार 'अ' पान. बुधवार, शुक्रवार, रविवार 'ब' पान. मंगळवारी सुट्टी, कारण वैनींबरोबर बाजार. महिनाभर केलं. मग वही घेऊन आले. चेहरा असा, जसा काय शोध लागला. बोलले, "'ब' पान प्रचंड पुढे आहे. 'अ' वर जवळजवळ कोणी बटणच दाबत नाही. काय कारण असेल?"

मी विचारलं, "सर, 'अ' कुटल्या वारी लावलं?"

"सोम, गुरू, शनी."

आमी सगळ्या जणी अशा हसलो की शेजारची म्हातारी बगायला आली. अहो, सोमवारी निम्मा महाराष्ट्र मासळी खात नाय. गुरुवारी उरलेला खात नाय. शनिवारी जे खातात ते पण आईला सांगत नाय. माळकरी माणूस, ज्याचे सातही वार सारखे, त्याला कसं समजणार? मी बोलली, "सर, तुमचं पान नाय हरलं. वार हरला."

सरांनी वहीतले वार परत बगितले. मग स्वतः हसले. वहीत सगळ्यावर एक रेघ मारली नि खाली लिवलं, 'चूक माझी. दोन्ही पानं एकाच वेळी दाखवणे.' तारीख घातली, सही केली. महिन्याचं काम एका रेघेत टाकलं. मी बोलली, सर, राहू द्या की, 'ब' पण चांगलंच हाय. तर बोलले, "चांगलं असेल. पण ते आपल्याला माहीत नाही. माहीत नसताना माहीत आहे म्हणायचं नाही."

असे होते. ऐकायला साधं वाटतं. माझ्या एवढ्या आयुष्यात असं वागणारी माणसं मी बोटावर मोजीन, नि बोटं उरतील.

नंतर ते शिकले. एकाच टायमाला अर्ध्या लोकांना हे पान, अर्ध्यांना ते. कुणाला कुटलं येईल ते मशीन ठरवतं. तेवा आमच्यात भांडण झालं ते सुमनला आटवत असेल. कुंदानं फोन उगडला तर तिला लाल बटण दिसलं. तिच्या जावेनं उगडला तर हिरवं. झालं. जाऊ बोलली, तिला लाल का? तिनं सरांना चहा पाजला असेल. दोघी फोन घेऊन सरांच्या पुडे उभ्या. सर घाम पुसत सांगतायत की बाई, हे नशीब आहे, मी नाही. त्या लाल-हिरव्याचं शेवटी काय झालं? काय फरक पडला नाय. सगळ्यांची तोंडं उतरली. सर मात्र खुश. "फरक पडत नाही हे कळलं, आता रंगावर भांडू नका."

नि एक खोड होती आमची. आमी बाया दिवसात धा वेळा पान उगडून बगायचो, आपलं दुकान उगडं हाय की बंद. बटण पण दाबून बगायचो, वाजतंय का. सरांना समजलं तेवा त्यांनी कपाळाला हात लावला. बोलले, "तुम्ही स्वतःच गिऱ्हाईक झालात तर मी मोजू काय?" मग सगळ्यांकडनं कबूल करून घेतलं. चाचणी चालू असेल तेवा गटातल्या बाईनं पान उगडायचं नाय. तिच्या घरच्यांनी पण नाय. पावण्यांनी पण नाय. ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करा. सगळ्यात आदी माझा हात वर.

आता सुमन जे बोलली त्याच्यावर येते. सुमन आमच्या गटाची अध्यक्ष, ती माझ्या आदी बोलली, तुमी ऐकलंत. ती दोन गोष्टी बोलली. एक, सरांचं मन एवढं मोटं की ते माझ्याशी हरले नि चारचौघांत कबूल केलं. दुसरी, सरांची आटवण म्हणून गटानं ठरवलंय की तेच जिंकलेलं पान कायम ठेवायचं, नि नव्या पाकिटांवर माझा फोटो छापायचा. उद्या छापायला जाणार. टाळ्या पण वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, पण ठीक हाय, वाजल्या.

ती चाचणी काय होती, ते सगळ्यांना माईत नाय. सरांचं नि माझं वाजलेलं. मी बोलली, सर, तुमच्या पानावर नुसतं पाकीट. पाकिटाला कोण विचारतो? सर बोलले, पाकिटाखाली काय लिहिलंय ते बघा. त्यांनी काय लिवलेलं? सगळे प्रश्न. बोंबलाचं डोकं काढायचं का. पाण्यात किती वेळ ठेवायचा. घरात वास किती वेळ राहतो. एकाच कपाटात ठेवला तर चहाच्या पावडरला वास लागेल का. नि प्रत्येकाखाली सादं उत्तर. मी हसली. बोलली, हे काय विचारायचं असतं? सर बोलले, "मला काहीच माहीत नव्हतं म्हणून मी हे सगळं तुम्हाला विचारलं. पुण्यातल्या एखाद्या मुलीलाही माहीत नसणार. ती विचारायला लाजते आणि पान बंद करते."

नि माझं पान म्हणजे काय? माझा फोटो. वलांडीवर बोंबील वाळत घातलेत, बांबूला ओळीनं टांगलेत, मी पुडे पाटी घेऊन उभी, नि खाली लिवलंय, 'हिराबाईंच्या हातचा'. प्रश्न नाय, उत्तर नाय. तोंड. तो फोटो सरांनीच काढलेला. तीन वेळा काढला. बोलले, "हसा की. एरवी गावाला हसवता."

वैनी, आता तुमाला एक सांगते, कारण ते तुमाला पुडे दिसणार हाय. नवरा गेल्यापासून लग्नात-बारशात फोटोचा टायम आला की मला कोणीतरी काम सांगतं. मावशी, जरा पाण्याचं बगा. काकी, जरा आत पोरं झोपलीत ती बगा. कोण वाईट बोलत नाय हां. प्रेमानंच सांगतात. मी पण प्रेमानंच जाते, जाताना एखादा टोमणा मारते, नि पाणी बगते. माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या आख्ख्या अल्बममदे माझा एक कोपर हाय. म्हणून तो सरांनी काढलेला फोटो. मी तो रोज बगायची. एवढी मोटी बाई, एवढी हसणारी, नि सगळ्या जगाला दिसणारी. तुमाला पण उद्या कोणी पाण्याचं बगायला सांगितलं तर जाऊ नका. फोटोत पुडे उभ्या रावा. सर असते तर त्यांनी पण तेच सांगितलं असतं.

तर दोन्ही पानं लागली. सर बोलले, पंधरा दिवस. मदे झाकण काढून बघायचं नाही, भात मोडतो. पंधरा दिवसांनी आमी सगळ्या ओट्यावर. सरांनी वही उगडली. चष्मा पुसला. बोलले, "माझा अंदाज चुकला. हिराबाईंचं पान जिंकलं. थोडंथोडकं नाही, चांगलंच जिंकलं." नि तिथल्या तिथं लॅपटॉपवर स्वतःचं पान काढून टाकलं. एवढे प्रश्न, एवढी उत्तरं, महिनाभर लिवलेली. एका बटणात गेली. मग पिशवीतनं पेढे काढले. हरणारा पेढे आणतो, असं कुणी बगितलंय? मी विचारलं, सर, जिंकले असते तर? बोलले, "तरी आणलेच होते. निकाल लागला ना."

त्यानंतर मी त्यांना सोडलं नाय. कदीही आले की मी ओट्यावरनं ओरडायची, हरलेले सर आले गं, चहा टाका. ते पण पायरी चढता चढता बोलायचे, "हो हो, हरलो आणि आलो." कंपनीच्या दोस्तांना पण सांगायचे म्हणे. ह्या भाऊंनी आता मघाशी सांगितलं ना, की लोखंडे म्हणायचा, चाळीस वर्षं लॅबमधे काढली आणि एका कोळणीनं मला आकड्यात हरवलं. सगळीकडे सांगायचे. अभिमानानं सांगायचे.

चार महिन्यांमागं एकदा ते एकटेच आले. दुपारचे. हातात कागद. वलांडीपाशी मी बोंबील काढत होती. बोलले, "हिराबाई, एक कळत नाहीये. त्या पंधरा दिवसांत बटण दाबणाऱ्यांना सुमनने फोन केले. तुमच्या पानावरचे बरेच जण म्हणाले, आता नको. काहीच न मागवणारे खूप आहेत. माझ्या पानावर कमी जणांनी बटण दाबलं, पण त्यातल्या बहुतेकांनी घेतलं. आणि त्या पंधरवड्यानंतर बटण दाबणारे पण एकदम कमी झाले. असं का झालं असेल?"

मी हातातलं काम थांबवलं नाय. बोलली, "लोकं अशीच असतात सर. तोंड बगून हो म्हणतात, नि मग विसरतात."

सरांनी कागदाची घडी घातली. बोलले, "असेल. माणसांचं तुम्हाला जास्त कळतं." नि गेले. मी त्यांची पाठ बगितली. स्टँडकडे जाईपर्यंत बगितली.

त्या चाचणीपासून फोनातलं दुकान थंडच हाय, हे गटातल्या बायांना माईत हाय. सुमन म्हणते, बाजारच थंड हाय. कुंदा म्हणते, नजर लागली. मी काय म्हणत नाय. तुमी विचार नाय केलात, की हिरा ह्याच्यावर गप्प का?

गेल्या मंगळवारी मी ठरवलेलं, बोईसरला सरांकडे जायचं. बुधवारी सकाळी साडी नेसली. पिशवी भरली, वैनींसाठी चिकू घेतले. स्टँडवर उभी होती तेवा सुमनचा फोन आला. सर चहा पिऊन खुर्चीत बसले, नि बसलेच. वैनी, मी त्या दिवशी तुमच्या घरी आली ती सगळ्यात आदी आली, नि तुमी बोललात, हिराताई, किती लगेच आलात. मी लगेच नाय आली. मी चार महिने उशिरा आली.

आता आपण उभं राहून दोन मिनटं शांत राहायचं हाय. सुमननं मलाच ते काम दिलंय, सगळ्यांना उभं करायचं. करते. पण त्याच्याआदी दोन गोष्टी. एक, पाकिटं छापायला देऊ नका. दोन, सरांची वही वैनींकडे हाय, त्यांचं पान त्याच्यात हातानं लिवलेलं हाय, सगळे प्रश्न नि उत्तरं. ते परत लावा. माझ्या पानाबरोबर लावा, अर्ध्यांना हे, अर्ध्यांना ते, नि पंधरा दिवस आमच्यातल्या कुणी फोनाला हात लावायचा नाय.

का ते विचारू नका असं मला सांगता आलं असतं. मोटी हाय मी वयानं, चाललं असतं. पण सर बसलेत तिथं, त्या गेटपासच्या फोटोत, नि त्यांच्यापुडे माईत असलेली गोष्ट माईत नाय असं करून परत एकदा उभी राहू काय?

सर, तुमाला माझा नमस्कार. वैनी, तुमाला पण. जमलेल्या सगळ्यांना. ऐकून घ्या, मग उभे रावा, नि त्या दोन मिनटांत माझ्याबद्दल जो काय विचार करायचा तो करा.

सर हरले नव्हते. त्या पंधरा दिवसांत मी माझ्या माहेरच्या, सासरच्या, सातपाटीच्या, वसईच्या सगळ्यांना फोन केले. पान उगडा, माझं तोंड दिसलं तर बटण दाबा, पाकीट दिसलं तर बंद करा. ती चाचणी मी खोटी केली. नि सरांनी येऊन विचारलं तेवा मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलली.